धुवण

पुण्याहून पहिले छायाचित्र आले तेव्हा माझी पत्नी मच्छीबाजारात बांगड्यांचा भाव करत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. तिने चित्र पाहिले, दोन बोटांनी मोठे करून पुन्हा पाहिले आणि बांगडेवालीने सांगितलेला भाव काही न बोलता देऊन टाकला. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण असे पूर्वी कधी घडले नव्हते.

"अडकल्यात," ती मला म्हणाली.

"कोण अडकलं?" बांगडेवालीने विचारले.

"कुणी नाही, मावशी."

"मग हसताय कशाला?"

चित्रात करड्या पार्श्वभूमीवर गोल पेशी होत्या. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी. एरवी अशा पेशी बशीच्या तळाला चिकटून पसरलेल्या असतात, चपट्या, कोपरे निघालेल्या. विभाजनाची वेळ आली की पेशी तळ सोडून गोल होते, तिच्या दोन होतात आणि त्या दोन पुन्हा पसरतात. कुठल्याही क्षणी बशीत पाहिले तर अशा गोल पेशी तुरळक दिसतात. या चित्रात जवळजवळ सगळ्याच गोल होत्या. त्या विभाजनाला लागल्या होत्या आणि मध्येच थांबल्या होत्या. त्यांना थांबवणारा पदार्थ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका पिवळ्या स्पंजातून निघाला होता. तो स्पंज माझ्या पत्नीने काढला होता.

पत्नी शहरातल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. शिकवून उरलेल्या वेळात ती खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, वाढणाऱ्या स्पंजांचा अभ्यास करते. स्पंज हा प्राणी आहे. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही आणि अंगावर कवच नाही. आपल्याला कुणी खाऊ नये यासाठी त्याच्याजवळ एकच साधन असते, ते म्हणजे शरीरातली रसायने. त्यांपैकी काही रसायने दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत शिरून तिच्या विभाजनाच्या यंत्रणेत नेमक्या ठिकाणी हात घालतात. कर्करोग म्हणजे थांबायचे विसरलेले विभाजन. म्हणून जगभरचे संशोधक स्पंजांच्या मागे आहेत.

तिच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक आहे, एक जुना डीप फ्रीझर आहे आणि अर्क काढण्यापुरते अल्कोहोल मिळते. कर्करोगाच्या पेशी वाढवायची सोय नाही. ती सोय पुण्यात तिच्या एका वर्गमैत्रिणीच्या प्रयोगशाळेत आहे. इथून अर्क गोठवून पाठवायचा, तिने तो पेशींवर टाकून पाहायचा, असे त्यांचे चालले होते. बरीच वर्षे काहीच निघाले नव्हते. मग हे चित्र आले.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला.

"मैत्रीण म्हणून मला फार आनंद झालाय," ती म्हणाली. "प्रयोगशाळा म्हणून माझा अजिबात विश्वास नाही."

"माझाही नाही," पत्नी म्हणाली. पण हे बोलताना ती खुर्चीत बसू शकत नव्हती. स्वयंपाकघर ते पडवी अशा तिच्या फेऱ्या चालू होत्या.

"पुन्हा काढून आण. नवीन स्पंज, नवीन अर्क. पुन्हा हेच दिसलं तर मी इथे रीतसर जागा मागते. कुठला रेणू आहे ते शोधू, तो पेशीतल्या कुठल्या प्रथिनाला धरतो ते शोधू. नाही दिसलं तर पहिल्या अर्कात काहीतरी घाण गेली होती असं समजून आपण हे पान मिटू. चालेल?"

"चालेल."

विज्ञानातली अट इतकी साधी असते. एकदा दिसले ते दिसलेच नाही असे धरायचे. दुसऱ्यांदा दिसले तर बोलायचे.

आईला हे पटवून देणे अधिक कठीण गेले. आई आमच्याबरोबर राहते. घरात सून दिवसभर काय करते याची तिला पूर्ण माहिती असते, पण महाविद्यालयात काय करते याबद्दल तिला कायम शंका असते.

"पेशी थांबल्या म्हणजे काय झालं?" तिने विचारले.

पत्नीने तिला रापणीचे उदाहरण दिले. किनाऱ्यावरून समुद्रात मोठे जाळे टाकतात, त्याचे दोन दोर दोन टोळ्या ओढतात. पेशीच्या दोन टोकांनाही अशा दोन टोळ्या असतात. मधोमध गुणसूत्रे जोडीजोडीने उभी असतात. दोन्ही बाजूंनी धागे येतात, गुणसूत्रांना धरतात आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढून नेतात. मगच पेशीच्या दोन होतात. हे धागे प्रथिनांचे असतात, विभाजनापुरते विणले जातात आणि काम झाले की उसवतात. स्पंजातला पदार्थ बहुधा ते विणूच देत नव्हता.

उपमा तंतोतंत नव्हती. रापणीत दोन्ही टोळ्या एकाच किनाऱ्याकडे ओढतात. पण आईला ती चालली.

"म्हणजे दोरच नाहीत, तर जाळं तिथेच राहणार."

"बरोबर."

"मग औषध निघालं म्हणायचं?"

"नाही, आई. अजून काहीच निघालेलं नाही. नुसतं फिनेल ओतलं तरी पेशी मरतात."

"मग कौतुक कसलं?"

"या मेल्या नाहीत. थांबल्या."

आमच्या आळीत मुंबईच्या रुग्णालयाच्या फेऱ्या न केलेले घर शोधावे लागेल. आईच्या दोन मैत्रिणी त्या फेऱ्यांमध्ये गेल्या. "मग मी कुणाला सांगत नाही," ती म्हणाली, आणि तिने खरेच कुणाला सांगितले नाही.

मीही सांगितले नाही, पण माझ्या बाबतीत ते इतके सोपे नव्हते. मी जिल्ह्याच्या बातम्या देतो. कार्यालयातल्या सहकाऱ्याला कुठून तरी कुणकुण लागली होती.

"रत्नागिरीच्या समुद्रात कर्करोगावर औषध," तो म्हणाला. "पहिल्या पानावर घेतो."

"प्रश्नचिन्ह लावून?"

"प्रश्नचिन्ह लावलं की कोण वाचतो?"

"मग नको. दुसऱ्यांदा दिसू दे."

"दुसऱ्यांदा दिसेपर्यंत पुण्याचे लोक छापतील."

"छापणार नाहीत. तेही दुसऱ्यांदा दिसायचीच वाट पाहतायत."

पुढच्या उधाणाला आम्ही पुन्हा खडपात गेलो. तो स्पंज अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच हाती लागतो. त्या दिवसांत भरती मोठी तशी ओहोटीही मोठी असते, आणि एरवी कायम पाण्याखाली असणारी खडकाची कड पहाटे थोडा वेळ उघडी पडते. पत्नी पुढे, हातात बोथट सुरी. मी मागे, डबा आणि बादली घेऊन. खडकाच्या पोटाला खालच्या अंगाने तो चिकटलेला असतो, हळदीने माखलेल्या बोळ्यासारखा. ती प्रत्येक ठिकाणचा थोडाच भाग कापून घेते आणि बाकीचा वाढायला ठेवते. त्या दिवशी मनासारखा माल मिळाला. परत येताना ती भरभर चालत होती आणि मध्येच थांबून मला सांगत होती, की हा पदार्थ त्या धाग्यांच्या प्रथिनाला थेट धरत असेल की धागे विणणाऱ्या दुसऱ्या कुणाला, हे कसे ओळखता येईल. मला निम्मे कळले. उरलेले तिच्या चालण्यावरून कळले.

महाविद्यालयात गेलो तर वीज नव्हती. वायरमन खांबावर चढलेला होता आणि वीज दुपारपर्यंत येईल असे म्हणत होता. डीप फ्रीझर बंद. म्हणून स्पंज निथळून डब्यात भरले आणि डबा घरी आणून फ्रिजमध्ये ठेवला. आम्ही दोघे आपापल्या कामाला गेलो. दुपारी वीज आली, पत्नी डबा घेऊन गेली, तिने नेहमीच्या पद्धतीने अर्क काढला आणि दोन दिवसांनी थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून तो रातराणीच्या बसने पुण्याला गेला.

उत्तर आले ते एका ओळीचे होते. पेशी पसरलेल्याच होत्या. थांबलेली एकही नव्हती.

पत्नीने फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी आधीच घासलेली होती.

पुढचे दिवस चौकशीचे होते. ती एकेक शक्यता काढायची आणि मी बातमीदाराच्या सवयीने उलट प्रश्न विचारायचो. स्पंज दुसऱ्या जातीचा निघाला का? नाही. तिने त्याच्या शरीरातल्या सूक्ष्म काड्या पुन्हा तपासल्या, त्या तशाच होत्या. ऋतू बदलला म्हणून? पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत फार अंतर नव्हते. बसमध्ये बर्फ वितळला? मैत्रिणीने खोके उघडले तेव्हा बर्फ शाबूत होता. अल्कोहोल वेगळे होते? तीच बाटली.

"मग राहिलं काय?" मी विचारले.

"राहिलं एवढंच, की पहिल्या वेळी माझ्याकडून काहीतरी घाण गेली."

"कसली?"

"ते कळलं असतं तर घाण कशाला गेली असती?"

तिचे दुःख औषध हुकल्याचे नव्हते. औषध असे तिने कधी म्हटलेच नव्हते. आपण हाताने केलेल्या कामावर आपलाच भरवसा राहिला नाही, हे तिला खात होते. मैत्रीण फोनवर समजुतीने बोलत होती, पण पान मिटायची तयारी तिच्या आवाजात ऐकू येत होती. एखादी फेरी अजून करू, ती म्हणाली, पण ती शेवटची. तिच्या बशांसाठी दुसरे लोक रांगेत होते.

ते कोडे एका सुरणाने सोडवले.

रविवार होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सुरण चिरत होती. शेजारी आमसुलाच्या पाण्याची वाटी. पत्नी टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"यंदाचा सुरण मेला खाजरा निघाला," आई म्हणाली. "अगो, तुझ्या त्या समुद्रातल्या बोळ्यांनी खाजलं होतं ना, अगदी तसं खाजतंय."

पत्नीचे पेन थांबले.

"कुठल्या बोळ्यांनी?"

"ते गो, पिवळे. फ्रिजात ठेवले होतेस ते. वास मारत होते. वर कोलंबीचा डबा, खाली दही, मध्ये हे."

"तुम्ही डबा उघडलात?"

"उघडल्याशिवाय धुणार कशी?"

आई सुरणाची पुढची फोड करत होती.

"धुतलेत?" पत्नीने विचारले.

"होय तर. समुद्रातनं आणलेलं कुणी न धुता ठेवतं? रेती होती, बुळबुळीत होतं. म्हटलं, पोरगी घाईत गेली, राहिलं तिचं. विहिरीचं पाणी काढलं, चांगली तीन पाणी धुतले. कालवं पिळतो तसे पिळले. रोवळीत निथळवले आणि डबा घासून परत तसेच भरून ठेवले. तुला कळलंसुद्धा नाही, इतकं नीट ठेवलं होतं."

"कुणी ठेवलं?" मी विचारले.

"मी. अजून कोण आहे घरात?"

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आता घरात काय होईल याचा मला अंदाज होता आणि तो पूर्ण चुकला. पत्नी उठली, आईसमोर जमिनीवर बसली आणि तिने आईचा सुरणाने चिकट झालेला हात हातात घेतला.

"आई, नीट आठवून सांगा. पाणी कसं दिसत होतं?"

"पहिलं पिवळं. फेस आला होता, साबणासारखा. दुसरं जरा पिवळट. तिसरं स्वच्छ."

"आणि खाज?"

"पहिल्या पाण्यालाच. मग आमसूल चोळलं."

"सगळ्या वेळी नाही?"

"नाही गो. पहिलं पाणी ओतलं, मग नाही खाजलं."

"कुठे ओतलंत?"

आईने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले. मासळी धुतलेले पाणी आमच्याकडे मोरीत जात नाही. तांदळाचे असो, कोलंबीचे असो, त्याला धुवण म्हणतात आणि धुवण झाडाचे असते.

"धुवण? माडाला घातलं. आणखी कुठे घालणार?"

पत्नीने खिडकीतून माडाकडे पाहिले आणि हसायला सुरुवात केली. मग हाताशी आला त्या कागदावर ती भराभर लिहू लागली. तो कागद एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचा मागचा भाग होता, आणि त्याबद्दल तिला पुढे महाविद्यालयात खुलासा करावा लागला.

तिचे म्हणणे असे होते. समुद्रातला प्राणी खाऱ्या पाण्यात जगायला घडलेला असतो. त्याला गोड्या पाण्यात टाकले की पाणी त्याच्या पेशींमध्ये घुसते, पेशी फुगतात आणि फुटतात. आत जे जे पाण्यात विरघळणारे असते ते सगळे बाहेर येते. आईने पिळून पिळून ते बाहेर काढले होते. पत्नी आजवर अल्कोहोलने अर्क काढत होती, कारण असले पदार्थ बहुधा तेलकट असतात असा तिचा समज होता. हा तसा नसेल. हा पाण्यात सहज विरघळणारा असेल, अल्कोहोलमध्ये त्याचा थोडाच अंश उतरत असेल. तसे असेल तर दुसऱ्या फेरीत पुण्याला गेला तो नुसता चोथा होता. खरा माल माडाला गेला होता.

"दुसरी शक्यता?" मी विचारले.

"दुसरी शक्यता अशी, की पहिल्या वेळी खरंच घाण गेली होती आणि आईंच्या धुण्याचा कशाशी काही संबंध नाही." पण हे तिने चालता चालता सांगितले. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"म्हणजे मी तुझं काम बिघडवलं," आई म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली होती.

"तुम्ही प्रयोग केलात, आई. फक्त अर्क झाडाला घातलात."

"माडाला काही झालं नाही हो. शहाळी धरल्येत त्याने."

मैत्रिणीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत होती. मग तिचा आवाज एकदम कामाचा झाला.

"तुझ्या सासूबाईंनी माझी अख्खी फेरी धुऊन टाकली. ठीक आहे. आता शेवटची. आणि यावेळी कुठल्या नळीत काय आहे ते मला सांगायचं नाही. कळलं की माझे डोळे हवं ते बघतील."

"नुसती अक्षरं घालते."

"आणि विहिरीचं नुसतं पाणी पण पाठव. तुमच्या विहिरीनेच पेशी थांबत असतील तर?"

"विहिरीचं पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पितो," आई मागून म्हणाली.

"म्हणूनच पाठवा, काकू."

पुढचे उधाण येईपर्यंत पत्नीला धीर नव्हता. ती भरती-ओहोटीचे तक्ते असे पाहायची जसे काही पाहून समुद्र लवकर हटणार होता. त्या पहाटे ओहोटी पुरी लागायच्या आधीच ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मी तिला मागे ये म्हणालो. ती म्हणाली, "मागे गेले तर पाणी काय लवकर जाईल?" मग लाटेने तिची चप्पल नेली आणि ती अनवाणीच पुढे गेली.

आणलेल्या स्पंजाचे तिने दोन सारखे भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा आईच्या ताब्यात दिला.

"त्या दिवशी जसं धुतलं होतं तसंच धुवा. जास्त नीट नको, कमी नको."

"मी मुद्दाम कशाला नीट धुवीन? मी नेहमीच नीट धुवते."

"हातमोजे घाला. खाजेल."

"हातमोजे घालून मासळी धुतल्येय कुणी? मग बोळा पिळला की नाही ते कळायचं कसं?"

पत्नी अडली. हातमोजे सुरक्षित होते, पण त्या दिवशी ते नव्हते, आणि पकड बदलली तर पिळणे बदलेल. शेवटी आमसुलाची वाटी आधीच भरून ठेवायची या अटीवर तिने हार मानली.

विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर आई बसली. तीच परात, तीच रोवळी. पत्नी शेजारी उकिडवी बसून बघत होती, आणि आईला ते सहन होत नव्हते.

"अगो, अशी टक लावून बघू नको. लग्नाआधी बघायला आल्यासारखं वाटतं."

"तुम्ही पिळताना थांबलात."

"त्या दिवशीही थांबले होते. फोन आला होता."

"मग थांबा तेवढं."

आई थांबली. मग तिने पुन्हा पिळले. परातीत पिवळा रंग पसरला, वर फेस धरला. पत्नी परातीवर इतकी वाकली की तिची वेणी पाण्यात जायची राहिली.

"खाजतंय का?"

"धीर धर. जेवायला वाढलंय का?" आईने हात पाण्याबाहेर काढून उलटा-सुलटा केला. आम्ही तिघेही त्या हाताकडे पाहत होतो. "हां," ती म्हणाली. "आलं."

एखाद्याच्या हाताला खाज आल्याचा इतका आनंद मी आमच्या घरात पाहिलेला नाही. अर्थात खाज हा पुरावा नव्हता. स्पंजातल्या बारीक काड्यांनीही खाजते, आणि हे पत्नीनेच सांगितले, पण सांगताना तिचा चेहरा वेगळेच सांगत होता. पहिल्या पाण्याचा एक थेंबही झाडाला गेला नाही. ते गाळून नळ्यांमध्ये भरले. दुसरे-तिसरे पाणी आईने, विचारून, माडाला घातले.

चार नळ्या झाल्या. अ म्हणजे न धुतलेल्या स्पंजाचा अर्क. आ म्हणजे धुतलेल्याचा. इ म्हणजे पहिले धुवण. ई म्हणजे विहिरीचे नुसते पाणी. नळ्यांवर फक्त अक्षरे होती. संध्याकाळी मी खोके घेऊन बसकडे गेलो. आमच्या गावाहून पुण्याला जाणारे थर्मोकोलचे खोके म्हणजे मासे, हे ड्रायव्हरला पाठ असते.

"सुरमई की पापलेट?" त्याने विचारले.

"धुवण आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले. "आणि मासे?"

"मासे नाहीत. नुसतं धुवण."

"पुण्याच्या लोकांना काहीही पाठवा," तो म्हणाला आणि त्याने खोके डिकीत सरकवले.

नंतरच्या दिवसांत पत्नी वर्गात शिकवत होती, घरी स्वयंपाक करत होती आणि कुठेच नव्हती. एकदा तिने आमटीत मीठ दोनदा घातले. आईने ते निमूट खाल्ले, आणि हेही पूर्वी कधी घडले नव्हते. दोघींमध्ये एक विषय टाळला जात होता. या वेळीही पेशी पसरलेल्याच निघाल्या, तर पान मिटणार होते. आणि ते पत्नीच्या हातून बिघडले की आईच्या, हे कायमचे कुणालाच कळणार नव्हते.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. पत्नीने डाव्या हाताने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"लिहून घेतेयस?" मैत्रिणीने विचारले.

"हात खरकटा आहे. बोल."

"ई मध्ये काही नाही. पेशी मजेत आहेत."

"तुझी विहीर सुटली," मी आईला म्हणालो. तिने मला हाताने गप्प केले.

"आ मध्ये काही नाही. दुसऱ्या फेरीत होतं अगदी तसंच."

पत्नीने ताट बाजूला सरकवले.

"अ मध्ये गोल आहेत. पहिल्या चित्रासारख्याच. मी शेजारच्या मुलीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतल्या. ती म्हणाली, थांबल्यात."

न धुतलेला स्पंज. म्हणजे पहिली फेरी खरी होती. पत्नीने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या बोटांवर आमटी वाळत होती.

"आता हे सांग," मैत्रीण म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, वेग वाढला होता. "इ काय आहे?"

"आधी तुला काय दिसलं ते सांग."

"इ अ पेक्षा कितीतरी जोरदार आहे. मी पातळ करत गेले, करत गेले, तरी गोल. आणि इतकं स्वच्छ, की मला वाटलं तू कुठून तरी शुद्ध पदार्थ विकत आणून घातलास. मग मी धाग्यांना रंग देऊन बघितलं. धागेच नाहीत गं. गुणसूत्रं मधोमध गोळा होऊन उभी आहेत आणि ओढायला कुणी नाही. चित्र पाठवलंय. आता बोल, इ काय?"

"धुवण," पत्नी म्हणाली.

"काय?"

"धुवण. आईंनी स्पंज धुतला, त्याचं पाणी."

"म्हणजे तू इतकी वर्षं अल्कोहोलमध्ये—"

"हो."

"आणि नुसत्या पाण्याने—"

"हो."

मग दोघी एकाच वेळी बोलू लागल्या. वजन किती असेल, साखळी असेल का, किती किलो स्पंज लागेल, नको, किलोने तोडायचा नाही, तो स्वतः बनवतो की त्याच्यात राहणारे जिवाणू बनवतात, जिवाणू बनवत असतील तर ते बाटलीत वाढतील का. वाक्ये पुरी होत नव्हती आणि पुरी व्हायची गरजही नव्हती. जागा मागण्याचा अर्ज उद्याच करते, असे मैत्रीण मध्येच म्हणाली, आणि पत्नीने ते ऐकले की नाही कळले नाही, कारण ती तोवर जिवाणूंवर पोचली होती.

मी चित्र उघडून आईसमोर धरले. काळ्या पार्श्वभूमीवर गोल गोल पेशी, प्रत्येकीच्या मध्ये निळा ठिपका.

"साबुदाणा भिजवल्यासारखा दिसतोय," ती म्हणाली. मग तिने फोनवरच्या बोलण्यात एक फट बघून सुनेला विचारले, "मग आता मला एक सांग. माझ्यामुळे बिघडलं की माझ्यामुळे जमलं?"

"दोन्ही, आई."

"दोन्ही कसं असेल? काहीतरी एक ठरव."

"काकू, जमलं," फोनमधून आवाज आला. "बिघडलेलं मी विसरले. पुढच्या फेरीचं धुवणही तुमच्याच हातचं पाहिजे. इथे स्पीकरवर सगळे ऐकतायत, सगळ्यांनी तोच शब्द धरलाय. आत्ताच नळीवरचं इ खोडून धुवण असं लिहिलंय."

"करीन हो," आई म्हणाली. "पण एक कर. त्या खोक्यात नळ्या ठेवल्या तो माझा झाकणाचा डबा गेलाय, लोणच्याचा. तेवढा परत पाठव."

मैत्रिणीने लगेच पाठवते म्हणून सांगितले. पत्नीने हात धुतला नव्हता. ती तशीच उठून भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायला गेली.